नेट कां जातें व गेल्यावर काय करावें

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. दोन दिवस संततधार लागली होती. दुपारीं वीज गेली, सायंकाळीं आमच्या वसतिगृहांतील इंटरनेट बंद पडलें आणि रात्रीं आठाच्या सुमारास मोबाइलची रेंजही गेली. नेमका त्याच रात्रीं आठवींतील एका मुलास सडकून ताप भरला. जवळच राहणारे डॉक्टर विजेरीच्या उजेडांत भिजत आले. त्यांनीं मुलास तपासलें आणि इंजेक्शन देण्यापूर्वीं विचारलें, "याला कोणतें औषध बाधतें का?"

मुलास नीट सांगतां येईना. आम्हांसही ठाऊक नव्हतें. घरीं विचारावें, तर पालकांचे नंबर ज्या तक्त्यांत टिपून ठेवले होते तो तक्ता इंटरनेटवर! अखेर मुलासच वडिलांचा नंबर विचारला. तो ग्लानींतच म्हणाला, "सर, तो आईच्या फोनमध्यें सेव्ह केलेला आहे." मग कपाटें धुंडाळण्यास आरंभ झाला. प्रवेशनोंदीच्या एका जुन्या वहींत शाईनें लिहिलेला नंबर सांपडला. कार्यालयांतील तांब्याच्या तारेचा टेलिफोन सुदैवानें चालू होता. पलीकडून वडिलांनीं तो उचलला व ऐकतांच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, त्याला पेनिसिलीन देऊं नका. लहानपणीं त्या इंजेक्शननें त्याच्या सर्वांगावर गांधी उठल्या होत्या आणि दम लागला होता."

या एका वाक्यासाठीं पाऊण तास गेला होता. डॉक्टरांनीं दुसरें औषध दिलें, मुलाचा ताप उतरला व चार दिवसांनीं तो पुन्हां खेळावयास लागला. परंतु त्या पाऊण तासानें आम्हां शिक्षकांची झोंप उडविली. इंटरनेट बंद पडलें याचें आम्हांस नवल वाटलें नाहीं. तें कधीं ना कधीं बंद पडणारच. नवल वाटलें तें आमच्या गाफीलपणाचें. म्हणून या वर्षींच्या अंकांत, इंटरनेट कोठें व कां तुटतें आणि तें तुटलें असतां शहाण्या माणसानें कसें वागावें, याचा थोडा विचार विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इंटरनेट म्हटलें म्हणजे आकाशांत तरंगणारी कांहीं अदृश्य वस्तु आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. 'क्लाउड', म्हणजे ढग, या शब्दानें तर ही समजूत अधिकच दृढ केली आहे. वस्तुतः तें जमिनीवर, जमिनीखालीं व समुद्राच्या तळाशीं पसरलेलें तारांचें एक जाळें आहे. आपल्या हातांतील मोबाइल बिनतारी असला, तरी त्याची लहर जवळच्या टॉवरपर्यंतच काय ती हवेंतून जाते. पुढें तिला बहुधा कांचेच्या तंतूंतूनच प्रवास करावा लागतो. जेथें तार आहे तेथें तूट आहे, आणि जेथें यंत्र आहे तेथें बिघाड आहे, हें ओघानेंच आलें.

या जाळ्याचा जन्मच मुळीं एका बिघाडानें झाला, ही गंमत सांगण्यासारखी आहे. २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथील विद्यापीठांतून, सुमारें साडेपांचशें किलोमीटर दूर असलेल्या स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेंतील संगणकाकडे पहिला संदेश पाठविण्याचा प्रयत्न झाला. पाठवावयाचा शब्द होता 'लॉगिन'. त्यांतील 'एल्' पोंचलें, 'ओ' पोंचलें, आणि तेवढ्यांत पलीकडील यंत्रणा कोलमडली! सुमारें तासाभरानें दुरुस्ती होऊन पुरा शब्द गेला. तेव्हांपासून आजतागायत हें जाळें वाढत आलें आहे, आणि अधूनमधून तुटतही आलें आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं तें भारतांतील सामान्य नागरिकांसाठीं खुलें झालें.

तरीही हें जाळें एकंदरीनें टिकाऊ आहे, याचें कारण त्याची रचना. अमेरिकेंतील पॉल बॅरन व ब्रिटनमधील डोनाल्ड डेव्हीस या दोघांनीं १९६० नंतरच्या दशकांत स्वतंत्रपणें एक युक्ति सुचविली. ती अशी कीं, लांब संदेश एकसंध न पाठवितां त्याचे लहान लहान तुकडे करावे, प्रत्येकावर पत्ता व अनुक्रमांक घालावा, आणि ज्या तुकड्यास जो मार्ग मोकळा मिळेल त्या मार्गानें त्यास जाऊं द्यावें. पलीकडे पोंचल्यावर सर्व तुकडे अनुक्रमानें जुळवावे. समजा, मोठें पत्र दहा पोस्टकार्डांवर लिहून टाकलें. बोरघाट बंद असेल तर कांहीं कार्डें माळशेज घाटानें जातील, कांहीं आणखी कोठून. पण पत्र पुरें होईल.

मात्र यांत एक अट आहे. दुसरा मार्ग असला पाहिजे. कोंकणांतील एखाद्या वाडीस ओढ्यावरचा एकच साकव असतो. तो पुरांत वाहून गेला कीं पलीकडे कितीही उत्तम सडक असली तरी तिचा उपयोग काय? इंटरनेटच्या बाबतींत नेमकें असेंच घडतें. जाळें विशाल असतें. परंतु ज्या जागीं एकच साकव आहे त्या जागीं तें तुटलें म्हणजे माणसांचे हाल होतात. आतां असे साकव कोठें कोठें असतात तें घरापासून आरंभ करून पाहूं.

पहिली जागा आपलें घर. भिंतीवरचा राउटर, त्याची वीज व त्यांत येणारी पातळ तार या तिन्हींपैकीं एक बिघडलें कीं आपल्यापुरतें सर्व जग बंद. कित्येक वेळां तक्रार केल्यावर असें आढळतें कीं, केर काढतांना तारेला हिसका बसला होता, किंवा कांचेची तार कोपऱ्यांत फार वांकविल्यामुळें आंतील प्रकाशच अडला होता.

दुसरी जागा टॉवर. त्यास वीज लागते. वीज गेली कीं बॅटऱ्या कांहीं तास तग धरतात, पुढें डिझेलवरील जनित्र असल्यास तें चालतें. परंतु दरड कोसळून रस्ता बंद झाला म्हणजे डिझेलही पोंचत नाहीं. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील कित्येक गांवें बरेच दिवस विजेवांचून व संपर्कावांचून राहिलीं, हें अनेक पालकांस आठवत असेल. येथें आमच्या जुन्या टेलिफोनचें रहस्यही सांगतों. तांब्याच्या तारेच्या टेलिफोनास लागणारी वीज, सुमारें ४८ व्होल्ट, टेलिफोन-केंद्रांतील बॅटऱ्यांतून त्या तारेनेंच येते. म्हणून घरांतील दिवे गेले तरी तो बोलत राहतो. अशा तारा आतां विरळ होत चालल्या आहेत. कांचेच्या तारेनें वीज येत नाहीं. तिच्यावरील टेलिफोनास घरच्या विजेचीच गरज लागते.

तिसरी जागा रस्ता. चर खणणाऱ्या यंत्राचा एक दांत खालून जाणारी केबल तोडूं शकतो. २८ मार्च २०११ रोजीं जॉर्जिया देशांत तांब्याच्या भंगारासाठीं जमीन उकरणाऱ्या एका वृद्ध बाईच्या फावड्यानें केबल तुटली व शेजारच्या आर्मेनिया देशांतील बहुतेक सर्व इंटरनेट कांहीं तास बंद पडलें, असें तेथील अधिकाऱ्यांनीं जाहीर केलें होतें. एका फावड्यानें एक देश जगापासून तुटतो, यांत दोष फावड्याचा थोडा, एकाच साकवावर विसंबण्याचा अधिक. भारतांतही खोदकामानें केबली तुटण्याचे प्रकार इतके होत कीं, खणण्यापूर्वीं केबलीच्या मालकास कळवितां यावें म्हणून २२ मार्च २०२३ रोजीं 'कॉल बिफोर यू डिग' नांवाचें एक ॲप सरकारनें सुरू केलें.

चौथी जागा समुद्र. मुंबईच्या मुलांनीं तरी हें अवश्य ध्यानांत ठेवावें, कारण मुंबईचा या विद्येशीं संबंध दीडशें वर्षांहून जुना आहे. १८७० सालीं 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजानें मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशीं तारायंत्राची केबल टाकली आणि त्याच वर्षीं मुंबई व लंडन यांच्यामध्यें समुद्रमार्गें संदेश जाऊं लागले. आज वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अनेक देशांकडून येणाऱ्या कांचेच्या केबली जमिनीवर चढतात. खंडाखंडांमधील नव्वद टक्क्यांहून अधिक दळणवळण अशा केबलींतून चालतें. उपग्रहांचा वांटा फार थोडा. खोल समुद्रांतील ही केबल बागेस पाणी घालण्याच्या नळीएवढीच जाड असते व तिच्या पोटांतील कांचेचे तंतु केसासारखे असतात.

जगांत दरवर्षीं या केबलींस सुमारें दीडशें ते दोनशें ठिकाणीं इजा होते. त्यांतील बहुतेक मासेमारीच्या जाळ्यांनीं व जहाजांच्या नांगरांनीं होते. मार्ग अनेक असल्यामुळें त्यांतील बऱ्याचशा आपल्यास कळतही नाहींत. परंतु ३० जानेवारी २००८ रोजीं इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन मोठ्या केबली एकदम तुटल्या, तेव्हां भारताची बाहेरच्या जगाशीं असलेली सुमारें निम्मी वहनशक्ति गेली, आणि सेवा देणाऱ्या कंपन्यांस आपला माल पूर्वेकडून, सिंगापूर व प्रशांत महासागराच्या बाजूनें, वळवावा लागला. सप्टेंबर २०२५ मध्यें तांबड्या समुद्रांत जेद्दाजवळ केबली तुटल्या, तेव्हांही भारतांतील सेवा मंदावली. मंदावली, पण मेली नाहीं; कारण दुसरे साकव शाबूत होते.

ज्यांस दुसरा साकव नव्हता त्यांचें काय झालें, हें टोंगा देशाच्या उदाहरणावरून दिसतें. प्रशांत महासागरांतील हें सुमारें एक लक्ष वस्तीचें द्वीपराष्ट्र फिजीपर्यंत गेलेल्या एकाच केबलीनें जगाशीं जोडलेलें होतें. १५ जानेवारी २०२२ रोजीं तेथील समुद्रांत ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला आणि ती केबल तुटली. परदेशीं राहणाऱ्या हजारों टोंगावासीयांस आपले आईबाप जिवंत आहेत किंवा नाहींत हें कळेना. दुरुस्तीचें जहाज पापुआ न्यू गिनीहून निघालें, आणि केबल पूर्ववत् होण्यास २२ फेब्रुवारी उजाडली. तोंवर सुमारें पांच आठवडे त्या देशास उपग्रहाच्या तुटपुंज्या साधनांवर भागवावें लागलें.

समुद्राच्या तळाशीं तुटलेली जागा शोधतात कशी, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारतीलच. युक्ति सोपी आहे. कांचेंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर वेगानें धांवतो. किनाऱ्यावरून सोडलेली प्रकाशाची चमक तुटलेल्या टोंकावर आदळून एक सहस्रांश सेकंदांत परत आली, तर जाऊन-येऊन तिनें २०० किलोमीटर अंतर कापलें. अर्थात् तूट १०० किलोमीटरांवर आहे. मग जहाज तेथें जाऊन लांब दोरास बांधलेल्या आंकड्यानें केबलीचीं टोंकें वर ओढतें, कारागीर तीं जहाजावर जोडतात व केबल पुन्हां तळाशीं सोडतात. आमच्या गांवीं झाड पडून तुटलेली तार जोडण्यास आलेला कारागीरही रस्त्याच्या कडेस ताडपत्रीखालीं बसून तेंच करीत होता. केसासारखे दोन तंतु समोरासमोर धरून विजेच्या ठिणगीनें तो ते वितळवून एक करी. आमचे विद्यार्थी भोंवतीं उभे राहून पाहत होते. 'नेट कधीं येणार' म्हणून फोनवर ओरडणाऱ्या लोकांनींही हें दृश्य एकदां पाहावें.

पांचवी जागा अशी कीं, तेथें तार तुटत नाहीं. माणसाची चूक होते. प्रत्येक संकेतस्थळास नांवाखेरीज एक अंकांचा पत्ता असतो. आपण नांव लिहितों, आणि एक प्रकारची नांवनिशीची वही त्या नांवाचा पत्ता शोधून देते. शिवाय कोणत्या पत्त्याकडे कोणत्या वाटेनें जावें हें निरनिराळीं जाळीं एकमेकांस सतत सांगत असतात. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं रात्रीं सव्वानऊच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम एकाच वेळीं बंद पडलीं व सुमारें सहा तास बंद राहिलीं, तें यामुळेंच. देखभालीसाठीं दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेनें त्या कंपनीचीं केंद्रें परस्परांपासून तुटलीं, व मग तिच्या पत्त्यांकडे जाणारी वाटच जगाच्या नकाशावरून नाहींशी झाली. दुरुस्तीस लागणारीं तिचीं स्वतःचीं साधनेंही त्याच जाळ्यावर अवलंबून होतीं. त्यामुळें दुरुस्तीस विलंब लागला. किल्ली घरांत ठेवून दार ओढून घ्यावें, तसाच हा प्रकार! त्या रात्रीं पुष्कळांनीं आपलें इंटरनेट गेलें असें समजून राउटर बंद-चालू केले. प्रत्यक्षांत त्यांचें इंटरनेट ठीक होतें. एकाच कंपनीचें दुकान बंद होतें.

सहावी जागा शासनाची आज्ञा. दंगलीसारख्या प्रसंगीं सरकार एखाद्या प्रदेशांतील सेवा तात्पुरती थांबवितें. असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत व ते अमर्याद काळासाठीं असतां कामा नयेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १० जानेवारी २०२० रोजीं दिला आहे. अशा वेळीं राउटरशीं झटापट करण्यांत अर्थ नाहीं. शांत राहावें व अफवांवर विश्वास ठेवूं नये.

आतां नेट गेल्यावर काय करावें तें पाहूं. वैद्य जसा प्रथम निदान करतो, तसें आपणही प्रथम तूट कोठें आहे तें ओळखावें. त्यासाठीं चार प्रश्न पुरेसे आहेत. पहिला: एकच संकेतस्थळ उघडत नाहीं, कीं सर्वच? एकच उघडत नसेल तर दोष बहुधा त्या दुकानदाराचा, स्वस्थ बसावें. दुसरा: एकच फोन चालत नाहीं, कीं घरांतील सर्वच यंत्रें? एकच चालत नसेल तर त्या यंत्राची तपासणी करावी. तिसरा: राउटरवरील दिवे काय सांगतात? 'एल्. ओ. एस्.' असें लिहिलेला लाल दिवा लागला असेल तर प्रकाशच येत नाहीं, म्हणजे तार बाहेर कोठें तरी तुटली आहे किंवा निसटली आहे. चौथा: शेजाऱ्याकडे काय स्थिति आहे? त्याच कंपनीचें शेजाऱ्याकडेही बंद असेल तर बिघाड गल्लीचा किंवा गांवाचा समजावा.

निदान घरांतील बिघाडाचें झालें, तर राउटरची वीज बंद करून अर्धा मिनिट थांबावें व मग सुरू करावी. हा उपाय एकदां करावा, दहा वेळां नव्हे. यंत्रामागील बारीक छिद्रांत सुई घालूं नये; तेणेंकरून त्यांतील सर्व मांडणी पुसली जाते. आणि मुलांनो, एक गोष्ट कधींही विसरूं नका: कांचेच्या तारेच्या उघड्या टोंकांत डोळा लावून पाहूं नये. त्यांतील प्रकाश डोळ्यांस दिसत नाहीं, पण इजा करूं शकतो.

बिघाड बाहेरचा असेल तर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक कागदावर लिहून ठेवावा. कंपनीचा नंबर जुन्या बिलावरून घ्यावा. घाईघाईनें भलतीकडे शोधून मिळालेला नंबर पुष्कळदां ठकांचा असतो. 'दुरुस्ती करून देतों, ओटीपी सांगा' असें जो म्हणेल त्यास कांहींही सांगूं नये. दुरुस्तीस ओटीपी लागत नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे नेट जाण्यापूर्वीं करावयाची तयारी. हाच या लेखाचा गाभा होय. जें काम अडलें असतां जिवाचें, पैशाचें किंवा शिक्षणाचें नुकसान होईल, त्या प्रत्येक कामासाठीं दुसरा साकव आधींच बांधून ठेवावा.

जिवासाठीं: आईवडिलांचे व एका नातेवाइकाचा असे तीन नंबर प्रत्येक मुलानें पाठ करावे, आणि एका कार्डावर लिहून दप्तरांत ठेवावे. त्याच कार्डावर रक्तगट व न सोसणारें औषध लिहावें. इंटरनेट गेलें तरी साधा फोन पुष्कळदां चालतो. व्हॉट्सॲपच्या संवयीनें आपण हें विसरतों. आवाज नीट पोंचत नसेल तर साधा लघुसंदेश पाठवावा. तो लहान असल्यानें अशक्त रेंजवरही निघून जातो. संकटांत ११२ हा नंबर लावावा; आपल्या कंपनीची रेंज नसतांही दुसऱ्या उपलब्ध जाळ्यावरून तो लागूं शकतो. वादळाच्या दिवसांत बॅटरीवर चालणारा एक रेडिओ घरीं असावा. टॉवर पडला तरी आकाशवाणीचा आवाज दुरून येतो.

पैशासाठीं: दोन-तीन दिवसांच्या खर्चापुरती रोकड घरीं असूं द्यावी. मोबाइलनें पैसे देण्याची सोय फार चांगली. परंतु औषधाच्या दुकानांत नेट नाहीं म्हणून औषध परत ठेवावें लागणें, यासारखी लाचारी नाहीं. इंटरनेटवांचून बँकेचा व्यवहार करण्याची एक सरकारमान्य सोयही आहे. तारकाचिन्ह, ९९ व हॅश हीं बटणें साध्या मोबाइलवर दाबून ती वापरतां येते. मात्र रेंज असावी लागते, व ती आधींच शिकून ठेवावी लागते.

शिक्षणासाठीं: प्रवेशाचा किंवा परीक्षेचा अर्ज शेवटच्या दिवशीं भरूं नये. त्या दिवशीं लाखों लोक एकाच दारांतून आंत शिरूं पाहतात, आणि तार न तुटतांही दार अडतें. अर्ज भरल्यावर त्याची छापील प्रत घ्यावी. बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें इंटरनेटवरून मोफत उतरवून घेतां येतात. तीं वेळींच उतरवून ठेवावीं. दाखले, गुणपत्रिका, आधारकार्ड यांच्या प्रती एका जाड पाकिटांत घालून प्लास्टिकच्या पिशवींत ठेवाव्या. आणि आपल्या हातच्या टिपणांच्या वहीस कमी लेखूं नये. तिला रेंज लागत नाहीं.

विजेसाठीं: राउटरला वीज फार थोडी लागते. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात, व त्यांच्यासाठीं लहान बॅटरीची पेटी बाजारांत मिळते. वीज गेली पण तार शाबूत असली तर एवढ्यानें कांहीं तास काम भागतें. एखाद्या घरीं दोन जोडण्या असतील तर त्या निरनिराळ्या कंपन्यांच्या व शक्य तर निरनिराळ्या प्रकारच्या असाव्या, एक तारेची व एक मोबाइलची. एकाच खांबावरून येणाऱ्या दोन तारा म्हणजे दोन साकव नव्हेत. त्या एकाच साकवाच्या दोन फळ्या होत.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठीं? वर्षांतून दोन-चार वेळां नेट जातें व पुन्हां येतें. हें खरें आहे. शंभरांपैकीं नव्व्याण्णव वेळां कांहींच बिघडत नाहीं. मुलांस थोडा कंटाळा येतो, मोठ्यांचें एखादें काम राहतें, आणि घरांतील माणसें चार शब्द अधिक बोलतात, हा तर लाभच. पण जी एक वेळ उरते तीच आमच्या वसतिगृहांत त्या रात्रीं आली होती, आणि ती येण्यापूर्वीं पत्र पाठवून येत नाहीं.

त्या प्रसंगानंतर आम्हीं तीन गोष्टी केल्या. पालकांच्या नंबरांची व मुलांच्या औषधविषयक माहितीची एक जाड वही केली. ती कार्यालयाच्या दाराजवळ खुंटीस टांगलेली असते व दर सहामाहीस तपासली जाते. जुना टेलिफोन काढून टाकावयाचा बेत होता, तो रद्द केला. आणि दर सोमवारीं, प्रार्थनेनंतर, प्रत्येक वर्गांतील दोन मुलांस उभें करून घरचे नंबर तोंडपाठ म्हणावयास सांगतों. आरंभीं मुलें हंसत. आतां पहिलींतील मुलेंही घडाघडा म्हणतात. तो आजारी पडलेला मुलगा आपला नंबर सर्वांत मोठ्यानें म्हणतो, व शेवटीं न विचारतांच जोडतो, "आणि मला पेनिसिलीन चालत नाहीं."

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, हा अंक हातावेगळा करण्यापूर्वीं आपल्या मुलास जवळ बोलवावें आणि आपला नंबर त्यास विचारावा. तो त्यास येत नसेल, तर आज रात्रीं जेवणापूर्वीं शिकवावा.